अल्प साधनें व मोठी आकांक्षा
(सुलतानपूर येथें ज्युबिलीनिमित्त झालेलें भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा उपकारस्तुतीचा दिवस. ती स्तुति सकाळीं पवित्र मिस्साबलिदानांत झाली. आतां मंडपांत बसून तीच लांबवावी असें आमच्या मनांत नाहीं. गेल्या कांहीं दिवसांत आमच्या तरुण मंडळींकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत कानीं आला : "या सुलतानपुरांत राहून होणार तें काय?" लोणार तालुक्यांतलें गांव, कोरडवाहू जमीन, मूठभर ख्रिस्ती घरें, ज्यास कांहीं व्हावयाचें आहे त्यानें पुण्या-मुंबईची वाट धरावी, असा त्या प्रश्नाचा रोख. प्रश्न उर्मट नाहीं, खरा आहे. आणि खऱ्या प्रश्नाची गोड बोलून बोळवण करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. मोठें होण्याची इच्छा म्हणजे गर्व व गर्व म्हणजे पाप, असा सोपा हिशेब आमच्यांत पुष्कळांनीं मांडून ठेवलेला असतो. एखादी मुलगी पुढें शिकतें म्हणाली कीं तिला नम्रतेचा पाठ देण्यास चार वडीलधारे तयारच असतात. ही नम्रता नव्हे, दुसऱ्याच्या दिव्यावर फुंकर घालणें आहे. संत पौलास शुभवर्तमान रोमपर्यंत व त्याहीपलीकडे स्पेनपर्यंत न्यावयाचें होतें. एवढी आकांक्षा बाळगणारा तो पुरुष तंबूंचें काम करून पोट भरीत असे. त्याच्या आकांक्षेस त्या कामाची लाज वाटली नाहीं, आणि त्या कामानें त्याची आकांक्षा लहान केली नाहीं.

तालांतांचा दाखला आपण सर्वांनीं ऐकला आहे. एकास पांच, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. आणि आम्ही म्हणतों, आमच्या वाट्यास तो एकच आला. परंतु एक तालांत म्हणजे किती, हें कोणी मोजून पाहत नाहीं. तालांत हें मुळांत वजन. तेवढ्या चांदीची किंमत सुमारें ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शब्बाथ व सणवार वगळले, तर जवळजवळ २० वर्षांची मजुरी त्या तिसऱ्या दासाच्या ओंजळींत एकदम पडली होती! आणखी पाहा, पांचांचे दहा करणाऱ्यास व दोहोंचे चार करणाऱ्यास धन्यानें शाबासकी एकाच शब्दांत दिली. बेरीज कमी म्हणून शब्द कमी केले नाहींत. तिसऱ्यावर तो रागावला तो पैसा पुरून ठेविल्याबद्दल, आणि पुरण्याचें कारण त्या दासानें आपल्याच तोंडानें सांगितलें : भीति.

येथें मात्र जपून बोललें पाहिजे. कारण या जिल्ह्यांत हा दाखला निष्काळजीपणें सांगितला तर तो जखमेवर मीठ होतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता. पाऊस ओढ देतो, भाव पडतो, आणि वर्षाची मेहनत कर्जाच्या व्याजांत जाते. ज्याचें पीक बुडालें तो अविश्वासू होता असें म्हणणारा उपदेशक देवाचा शब्द सांगत नाहीं. तो ईयोबाच्या मित्रांचा सांगतो. तसेंच शेतकऱ्याची सावधगिरी म्हणजे त्या दासाची भीति नव्हे. कपाशींत तुरीच्या ओळी टाकणारा बाप तालांत पुरीत नाहीं. एक गेलें तर दुसरें हातीं राहावें, एवढाच त्याचा विचार, आणि तें शहाणपण आहे. वापसा आला असतांही बियाणें कणगींत ठेवून बसणें, हें पुरणें.

साधनें हातीं नसतां मनुष्यानें काय करावें, याचें आम्हांस ठाऊक असलेलें उत्तम उदाहरण आपल्याच मराठी भाषेंतलें आहे, आणि तें आपल्या मुलांच्या कानीं क्वचितच पडतें. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे इंग्रज व्रती २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं मरण येईपर्यंत या भूमींतच राहिले. त्यांचा बहुतेक काळ साष्टी भागांत गेला. मराठी व कोंकणी ते शिकले. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांस पूर्वीचीं पुराणें सुटल्याची हुरहुर होती. गावें, ऐकावें, असें कांहीं त्यांच्या हातीं उरलें नव्हतें. त्यांच्यासाठीं या परदेशी धर्मगुरूनें प्रभूचें चरित्र मराठी ओव्यांत रचण्यास घेतलें.

गोव्यांत छापखाना १५५६ पासून होता. परंतु खिळे होते रोमन लिपीचे. दक्षिणेंत तमिळ अक्षरांचे खिळे ओतून १५७८ सालीं कोल्लम येथें पुस्तक छापलेंही गेलें होतें. मग मराठीस तें भाग्य कां नसावें? १६०८ सालीं फादर स्टीफन्स यांनीं रोम येथील आपल्या संघाच्या मुख्य वरिष्ठांस पत्र लिहिलें. या देशाच्या भाषेंत व या देशाच्याच अक्षरांत पुस्तकें छापलेलीं पाहावीं ही आपली फार वर्षांची तीव्र इच्छा आहे, असें त्यांनीं कळविलें, आणि अडचणीही लपविल्या नाहींत. युरोपांत २४ अक्षरांवर भागतें, येथें जोडाक्षरें व मात्रा धरून सुमारें ६०० सांचे लागतील. आणि इकडील वरिष्ठांची आज्ञा व मदत मिळाल्याखेरीज कामास हात लागणार नाहीं. त्या वेळीं त्यांचें वय साठीच्या आसपास होतें.

खिळे मिळाले नाहींत. १६१६ सालीं रायतूर येथें ख्रिस्तपुराण छापलें गेलें तें रोमन अक्षरांत! सुमारें ११,००० ओव्या, शुद्ध मराठी, आणि अंगावर कपडे मात्र परके. ज्या भाषेची त्यांनीं त्याच ग्रंथांत मुक्तकंठानें स्तुति केली, तिचें तें रूप पाहून त्यांच्या मनास काय वाटलें असेल तें देवास ठाऊक. आमच्या मतें खरी निष्ठा ती हीच. इच्छा मोठी ठेविली, ती वरिष्ठांपुढें निःसंकोच मांडली. परंतु ती पुरी होईपर्यंत काम अडवून धरलें नाहीं. आपल्यांत बहुधा दोनच तऱ्हा दिसतात. कोणी म्हणतो, साधन नाहीं तर इच्छाच नको. कोणी म्हणतो, साधन येईल तेव्हां पाहूं. दोघांचाही तालांत जमिनींतच राहतो.

पुढची हकीकत आम्हांस त्याहून हृद्य वाटते. १६४९ व १६५४ सालीं ग्रंथ पुन्हा छापला गेला. मग १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें लोकांच्या भाषेवरच बंदी घातली. त्या तीनही छापांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो लोकांनीं हातानें केलेल्या नकलांमुळें. अशा हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं तो पुन्हा छापविला, तोही रोमन लिपींतच. देवनागरी खिळ्यांनीं छापलेली आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास १९५६ सालीं काढली; म्हणजे त्या पत्रानंतर ३४८ वर्षांनीं! आणि नकला करणारे ते कोण? बहुतेकांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. त्यांच्याजवळ ना छापखाना, ना मानमरातब. दिव्याचा उजेड, उसनी आणलेली प्रत आणि बोरू.

तेव्हां तरुण मित्रहो, जाणाऱ्यास आम्ही अडवीत नाहीं. स्टीफन्सही आपलें घर सोडूनच आले होते. परंतु जो येथें राहील त्यानें स्वतःस मागें उरलेला समजूं नये. ज्यास चार अक्षरें अधिक येतात त्यानें शेजारच्या काकांचा पीकविम्याचा अर्ज वाचून द्यावा, सातबाऱ्यावर काय लिहिलें आहे तें समजावून सांगावें. बचतगटाच्या भगिनी दरमहा थोडेथोडे रुपये गोळा करून वहींत पै-पै मांडतात. त्या वहीकडे आम्ही आदरानें पाहतों. आणि कर्जाच्या काळजीनें जो गप्प झाला आहे, चार दिवस पारावर दिसलेला नाहीं, त्याच्या ओट्यावर संध्याकाळीं जाऊन बसावें. त्यास उपदेश करूं नये. नुसतें बसावें, चहा घ्यावा, दुसऱ्या दिवशीं पुन्हा जावें. त्यास पैसा लागत नाहीं, आणि तें उद्यांवर टाकण्याजोगें काम नव्हे.

एक विनंति करून बसतों. आपल्या पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या हातच्या गीतांच्या व प्रार्थनांच्या वह्या आहेत; कांहींस वाळवी लागली आहे, कांहींचीं पानें सुटलीं आहेत. येत्या रविवारीं मिस्सा झाल्यावर त्या घेऊन याव्यात. आमचीं मुलेंमुली त्यांच्या नकला उतरून घेतील. कोणी शाईनें, कोणी मोबाईलवर, जसें ज्यास जमेल तसें. वही ज्याची त्यास परत मिळेल. मात्र शेवटच्या पानावर आपलें नांव लिहून आणण्यास विसरूं नये.