पियानोमागून ध्वनिक्षेपकापुढे



महाबळेश्वरी भरलेल्या या सभेत इंग्लंडातील एका अल्पायुषी ब्लूज-रॉक वाद्यवृंदाचा इतिहास सांगण्यास मी उभा राहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या वृंदाच्या गायकाची संगीतातील पहिली तालीम येथून सुमारे सहा कोसांवर, याच तालुक्यातील पाचगणीस झाली असल्यामुळे, विषय वाटतो तितका परका नाही.

हा गायक म्हणजे फारोख बलसारा; त्याचा जन्म 5 सप्टेंबर 1946 रोजी झांझिबारला झाला. वडील बोमी तेथील इंग्रजी अमलातील कचेरीत रोखपाल होते. हवा उत्तम आणि शिस्त कडक, या पाचगणीच्या दुहेरी लौकिकावर विसंबून दूरदूरच्या पारशी कुटुंबांनी मुले येथील निवासी शाळांत ठेवावीत, हा तेव्हाचा शिरस्ताच असल्याने, 1955 साली आठ वर्षांचा फारोख सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. तेथे तो पियानो शिकला, आणि 1958 च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा वृंद उभा केला. डेरिक ब्रांच गिटार वाजवी, व्हिक्टरी राणा ढोल सांभाळी, आणि फरांग इराणी चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी व दोरी लावून त्यातून खर्ज काढी. रेडिओवर ऐकलेले एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड हे त्यांचे गुरू. (पुढे हाच राणा नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाला, आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचा सेनापतीही; तर खोक्याचा खर्ज काढणाऱ्या इराणींनी पुण्यात सिझलर खाऊ घालून नाव मिळविले.)

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: या वृंदाचा मुख्य गायक ब्रूस मरे होता; फारोख पियानोवर. संगीत नाटकात ऑर्गनवर बसणाऱ्या साथीदाराला कंठ कितीही गोड असला तरी प्रेक्षकांचे डोळे नटाकडेच लागलेले असावेत, तशीच ही व्यवस्था होती.

1964 च्या क्रांतीत झांझिबार सोडून बलसारा कुटुंब लंडनजवळ फेल्थम येथे स्थायिक झाले, आणि फारोख ईलिंगच्या कलाविद्यालयात आलेखनकला शिकू लागला. त्या काळी इंग्लंडातील तरुण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनाच्या तबकड्यांची पारायणे करून तेच सूर विजेच्या गिटारीवर कानठळ्या बसतील अशा आवाजात वाजवीत. त्या संप्रदायातील अग्रगण्य ‘क्रीम’ हा वृंददेखील 1966 ते 1968 एवढाच टिकला, तेव्हा लहानांच्या आयुर्मर्यादेविषयी बोलावयास नको.

अशा लहानांपैकी ‘आयबेक्स’ हा लिव्हरपूलकडील तरुणांचा वृंद 1969 च्या उन्हाळ्यात नशीब अजमावण्यास लंडनला आला. माइक बर्सिन गिटारीवर, जॉन टेलर बास गिटारीवर, मिक स्मिथ ड्रमवर, आणि व्यवस्थापक केन टेस्टी. त्यांना गायक हवा होता. फारोखला, म्हणजे आता फ्रेडीला, मंच हवा होता. ओळखीला पुरते दोन आठवडेही झाले नसतील, तोच 23 ऑगस्टला बोल्टनच्या ऑक्टागन नाट्यगृहात भर दुपारी तो ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी तेथीलच क्वीन्स पार्कात उघड्यावर गायला. 9 सप्टेंबरला लिव्हरपूलच्या ‘सिंक’ या तळघरातील क्लबात झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे ‘स्माइल’ वृंदातील स्नेही अखेरीस त्याच मंचावर चढले. पण फीत त्यापूर्वीच संपली होती, असे म्हणतात! इतिहासाच्या दप्तरातील नेमका हवा तो कागद गहाळ व्हावा, हा अनुभव आपल्या संशोधकांना नवा नाही.

शरदात वृंदाचे नाव ‘रेकेज’ झाले. फ्रेडीने प्रत्येकाला स्वतंत्रपणे ‘बाकीचे कबूल आहेत’ असे सांगून संमती मिळविली, अशी कथा आहे. ती खरी असल्यास त्या गृहस्थाच्या मुत्सद्देगिरीला दाद दिली पाहिजे. स्मिथ मात्र एके सकाळी गावी विडनेसला दूध घालण्याची नोकरी धरावयास निघून गेला, आणि त्याच्या जागी रिचर्ड टॉम्पसन आला. पैसा नव्हता, कार्यक्रम तुरळक, बर्सिनला शिक्षण खुणावीत होते; वर्ष संपता संपता वृंद बरखास्त झाला. 1970 च्या आरंभी ‘सोअर मिल्क सी’ नावाच्या दुसऱ्या वृंदात फ्रेडी रुजू झाला, तोही काही महिन्यांतच मोडला.

चरित्रकार हे सारे दोन परिच्छेदांत उरकतात. मला ते अन्यायाचे वाटते. पाचगणीच्या मुलाला सूर होता, ताल होता. लोकांसमोर मोकळ्या हातांनी उभे राहण्याची सवय तेवढी नव्हती, आणि ती त्याला या मोडक्यातोडक्या वृंदांनीच लावली. ध्वनिक्षेपकाच्या दांड्याचा जड पाया निखळल्यावर अर्धाच दांडा हाती घेऊन गाण्याची त्याची प्रसिद्ध लकबही याच दिवसांतली, असे सांगतात.

1970 मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने नवा वृंद उभारला. 27 जूनला ट्रुरो या गावी ते प्रथम वाजविण्यास उभे राहिले, तेव्हा जाहिरातीत जुन्या ‘स्माइल’चेच नाव होते; ‘क्वीन’ हे नाव लोकांपुढे यावयाचे होते.