संगणक कोठें अडला?

गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात; पाणी त्याच्या गुडघ्यास लागलें कीं छातीस, यावरून पुराचा अंदाज बांधतात. लिनक्सची नवी आवृत्ति बसविल्यावर संगणक सुरू होईना, तर असेंच पाहावें: तो कोणत्या पायरीपर्यंत चढला?

शिफ्ट वा एस्केप दाबूनहि ग्रबची यादी दिसत नसेल, तर दोष आरंभींच आहे. यादी दिसून पुढें कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अडखळला, तर त्याच यादींतून जुना कर्नल निवडावा. तो बहुधा राखलेला असतो. त्यानें यंत्र चाललें, तर बूट विभाग भरला आहे काय, हें तपासावें. जागेअभावीं नव्या कर्नलच्या फाइली अपुऱ्या राहतात. जागा करून तो पुन्हा बसवावा. घाईनें डिस्क मात्र पुसूं नये. घरचीं कागदपत्रें व छायाचित्रें बहुधा तेथें सुरक्षितच असतात.