नावाचे मोल



आमच्या एका कामगार सहकारी संस्थेकडे मध्यंतरी एक दलाल आला. संकेतस्थळासाठी त्याने नाव आणले होते: मालाचे नाव, गावाचे नाव आणि ‘स्वस्त’ हा शब्द, तिन्ही एकाला एक जोडून. हे घ्या, गिऱ्हाईक आपोआप शोधत येईल, असे त्याचे म्हणणे. पैसा सभासदांच्या वर्गणीचा, म्हणून मी हा विषय मुळातून वाचून काढला.

दलाल खोटे बोलत नव्हता; तो जुने बोलत होता. एके काळी गिऱ्हाईक गूगलवर जे शब्द लिही, तेच नावात असले की स्थळ यादीत वर चढे, मग आत माल असो वा नसो. अशा नावांना भाव किती? १९९९ साली ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव ७५ लाख डॉलरांना विकले गेले! पण २०१२ च्या सप्टेंबरात गूगलने नुसत्या नावावर वर आलेली निकस स्थळे खाली ओढली. नावातल्या शब्दांचा क्रमावर जवळजवळ परिणाम होत नाही, असे आज गूगलच सांगते.

मग नावाला मोल नाही काय? आहे. यादी वाचणारा माणूस नावही वाचतो. ते फोनवर अक्षर-अक्षर फोडून सांगावे लागू नये, एवढे पाहा. २०१४ पासून ‘डॉट भारत’ जोडून देवनागरीतही नाव घेता येते. उरलेल्या पैशांत मालाचे भाव, मापे, पत्ता नीट लिहून घ्या. आणि नोंदणी संस्थेच्याच नावावर करा. दलालाच्या नावावर राहिली, तर उद्या मालक तोच ठरेल.