पडण्याची विद्या

(अकोला येथे ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अमरावतीहून इकडे येताना गाडीत एका परिचितांनी विचारले, "आज विषय काय?" मी म्हटले, "पडणे." त्यांना वाटले, मी निवडणुकीविषयी बोलणार. पत्रकाराकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची! पण आज मी अक्षरशः पडण्याविषयीच बोलणार आहे. न्हाणीत पडणे, उंबरठ्याला अडखळून पडणे आणि आपल्या वऱ्हाडात मे महिन्याच्या रात्री कूलरचे पाणी सांडलेल्या फरशीवर पाय घसरून पडणे.

माझे वडील असेच पडले. तेव्हा त्यांचे वय ७६ होते. तरुणपणी ते आखाड्यातले. पहाटे उठून माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, नागपंचमीच्या दंगलीत उतरायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढे नोकरी लागली, संसार आला आणि चाळिशीच्या आत आखाडा सुटला. कोणी आठवण करून दिली की म्हणत, "आता काय वय राह्यलं का बाप्पा आपलं?" त्या रात्री पाणी प्यायला उठले, फरशीवर घसरले आणि एका कुशीवर कोसळले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, डॉक्टरांनी काही कमी केले नाही. पण वडील पुन्हा अंगणापलीकडे चालले नाहीत. अकरा महिन्यांनी ते गेले.

त्याच वस्तादाचे दुसरे एक शिष्य आमच्या घरी नेहमी येत. त्यांनी आखाडा सोडला नव्हता. कुस्ती केव्हाच सुटली होती, परंतु रोज जाऊन पोरांना पवित्रा शिकवायचा, स्वतः चार बैठका काढायच्या, मातीत एकदोन कोलांट्या घ्यायच्या हे चालूच होते. ऐंशीच्या घरात असताना ते ओट्याच्या पायरीवरून पडले. बघणाऱ्यांच्या काळजाचे पाणी झाले. हे मात्र खांद्यावरून वळले, पाठीवर आले आणि कोपर झाडीत उठून बसले. कोपराला खरचटले होते, एवढेच.

दोन माणसांच्या गोष्टीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळते. एकाचे हाड मुळातच बळकट असेल, दुसऱ्याचे ठिसूळ. पण या दोन पडण्यांनी माझ्या मनात जो प्रश्न उभा केला, त्याचा पाठपुरावा मी गेली काही वर्षे करीत आहे. आखाड्यात पहिल्या आठवड्यात जे शिकवतात, ते पडणे. मग ज्या वयात माणूस सर्वांत अधिक पडतो, त्याच वयात आपण ती विद्या का सोडून देतो?

पडणे ही किरकोळ बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल क्रमांक पडण्याचा आहे आणि त्यात साठीच्या पुढील माणसांचे प्रमाण सर्वाधिक आहे. तरीही रस्ते सुरक्षेचा सप्ताह आपण पाळतो, न्हाणीघराच्या सुरक्षेचा कोणी पाळल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माणूस तोल सांभाळतो तो तिघांच्या बळावर. डोळे, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि तळपाय, घोटे, गुडघे यांतून मेंदूला सतत मिळत असलेली जाणीव. या अकोल्यात शेवटच्या श्रावण सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी राजराजेश्वराला आणणारा तरुण खांद्यावर कावड असताना पावलांकडे पाहत नाही. खड्डा कुठे, खडी कुठे, हे त्याच्या तळव्यांना कळते. वय वाढते तशी ही तिन्ही साधने मंदावतात, स्नायू झडतात आणि अडखळल्यावर पुढचे पाऊल वेळेवर पडत नाही. घसरल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत एक सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात विचार करता येत नाही. शरीराला आधीच ठाऊक असेल तेच घडते. मल्लविद्येचे सारे शिक्षण याच क्षणासाठी असते. प्रतिस्पर्ध्याने पाय काढला तर वजन कुठे न्यायचे, आणि तोल गेलाच तर हनुवटी छातीशी घेऊन अंग गोल करून कसे लोळायचे.

या विद्येचे एक मोठे पीठ आपल्या वऱ्हाडात आहे, हे सांगायला नकोच. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान क्लब काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. हुतात्मा राजगुरूंच्या पायाला या आखाड्याची माती लागलेली आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी, मल्लखांब यांसारखे देशी खेळ व व्यायाम जगाला दाखविले. आज तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे आणि तेथून शिकलेले शिक्षक देशभर पसरले आहेत. आपल्याकडे गुरूंची वाण नाही. वाण आहे ती साठीनंतर शिष्य होण्याच्या तयारीची.

जगात काय घडले, ते पाहा. चीनमधील ताय-ची ही मूळची युद्धविद्या. तिच्या संथ हालचालींत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेण्याचा अभ्यास आहे. अमेरिकेत अटलांटा येथे सत्तरीच्या पुढील २०० जणांना घेऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. पंधरा आठवडे ताय-ची शिकलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका सुमारे ४७ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे ऑरेगॉन राज्यात ६७० वृद्धांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ताय-ची करणारे ५८ टक्क्यांनी कमी वेळा पडले. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची पाठशाळा काढली. ज्युदोतही पहिला धडा पडण्याचाच. हॉलंडमधील नायमेगेन येथील संशोधकांनी ज्युदोतील लोळून पडण्याची रीत तपासली. कुशीवर पडताना खुब्यावर बसणारा आघात या रीतीने लक्षणीय कमी होतो असे त्यांना दिसले; अवघ्या अर्ध्या तासाच्या शिकवणीनंतर नवख्या माणसांतही फरक आढळला. खुब्याची बहुतेक हाडे कुशीवर पडल्यानेच मोडतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते. अमेरिकेतच इंडियानापोलिस येथे २००६ पासून कंपवाताच्या रुग्णांना मुष्टियुद्धाचा सराव देतात. तेथे कोणी कोणाला ठोसा मारीत नाही. पिशवीवर मारायचे आणि पाय हलते ठेवायचे. मुष्टियोद्ध्यांच्या या अकोल्यात ते सहज समजावे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. हे सर्व प्रयोग परक्या विद्यांवर झालेले आहेत. "आमच्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते" असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. मीही पूर्वी घेतल्या आहेत. परंतु चिनी आणि जपानी समाजाने आपली विद्या म्हाताऱ्यांच्या हाती दिली, मोजमाप करू दिले, म्हणून जगाने ती मानली. लाठीचा पवित्रा, हनुमान बैठक, मातीतील लोळण यांचे असे मोजमाप अमरावतीत व्हावे, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यात हात द्यावा आणि निष्कर्ष उणे आले तरी ते छापावेत.

आता थोडे घरातले बोलतो, राग मानू नये. आमच्या प्रभात शाखेत येणारे निम्मे स्वयंसेवक साठीच्या पुढचे. ध्वजप्रणाम होतो, मंडल होते, गीत होते, चर्चा तर उत्तम होते. शारीरिकाची वेळ आली की आम्ही बाजूच्या खुर्च्यांकडे पाहतो. दंड तरुणांसाठी, नियुद्ध तरुणांसाठी! ज्या हातांनी वर्षानुवर्षे लाठी फिरविली, त्या हातांत ती पुन्हा येते ती टेकण्यासाठी. वास्तविक दंडाच्या अभ्यासातला पदविन्यास म्हणजे तोलाचाच अभ्यास होय. पाऊल पुढे, पाऊल मागे, अंग वळवून दिशा बदलणे, आणि हे करताना नजर समोर. वेग काढून टाका, प्रहार काढून टाका, पदविन्यास ठेवा. सत्तरीच्या माणसाला भिंतीजवळ उभे राहून हे करता येते.

भगिनींविषयी तर अधिकच आग्रहाने सांगायचे आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात आणि खुबा मोडण्याचे प्रमाण स्त्रियांत जास्त आहे. आपल्या शेजारी वर्ध्याला वंदनीय लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ साली राष्ट्र सेविका समिती स्थापन केली आणि स्त्रियांना शारीरिक शिक्षण दिले. त्या काळी घरच्यांचा विरोध पत्करून शाखेत गेलेल्या सेविकांच्या नातसुना आज आजीला "तुम्ही उठू नका, आम्ही देतो" म्हणून पलंगावर बसवून ठेवतात. हे प्रेमच आहे, पण बसून राहिलेले पाय आणखी दुबळे होतात.

वडील गेल्यावर माझ्या आईने पडण्याची धास्ती घेतली. अंबादेवीला जाणे सोडले, मग अंगणात जाणेही. वय ७९. नियुद्ध शिकविणारा एक तरुण आमच्याकडे येतो. त्याने तिला पडायला शिकविलेच नाही. पडल्यावर उठायला शिकविले. जाड गादीवर निजायचे, कुशीवर वळायचे, कोपरावर येऊन गुडघे टेकायचे, खुर्ची धरून एक पाय रोवायचा आणि उठायचे. पहिल्या दिवशी तिला हे साधले नाही आणि ती रडली. तिसऱ्या आठवड्यात ती एकटी उठली आणि आम्हा सर्वांकडे अशी पाहू लागली की जणू दंगल मारून आली आहे. हल्ली ती काठी घेऊन अंबादेवीला जाते. मी मागून चालतो; तिला ते आवडत नाही.

उद्यापासून ज्यांना आरंभ करायचा आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी उभ्याने पुढे पडण्याचा अभ्यास मुळीच करू नये. गुडघ्यांवरून किंवा बसून, जाड गादीवर, शिक्षकाच्या देखरेखीतच लोळण शिकावी. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का ते विचारावे, मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसू नये. आणि न्हाणीत पकडायला एक दांडा बसवून घ्यावा. त्याचा खर्च प्लास्टरपेक्षा कमी आहे.

संयोजकांनी उद्या सकाळी सहा वाजता याच मैदानावर गाद्या आणि दहा लाठ्यांची व्यवस्था केली आहे. शिक्षक येणार आहेत. धोतर नको, पायजमा चालेल. भगिनींनी सलवार-कुडता घालावा. मी स्वतः पहिल्या रांगेत असेन, आणि माझी लोळण अजून नीट होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.