स्वमग्न मुलांचे आईबाप



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागल्या बाकावर बसून ऐकावे, असा रिवाज. आमचे शिक्षण गेटसभांत आणि फुकट वाचनालयात झाले. तेव्हा डॉक्टरकीचा आव आम्ही आणणार नाही. रजेची, खाड्याची गाऱ्हाणी घेऊन युनियनच्या कचेरीत जी माणसे येतात, त्यांत स्वमग्न मुलांचे आईबापही असतात. त्यांच्याकडून कळले तेवढे सांगतो.

असे मूल एकाएकी कोसळते. किंचाळते, भिंतीवर डोके आपटते, स्वतःचा नाहीतर आईचा हात कडकडून चावते. लोक त्याला हट्ट म्हणतात. आईबाप सांगतात, हट्टाची जात निराळी. हट्टी पोर रडतानाही एका डोळ्याने आपल्याकडे पाहत असते आणि फुगा हाती पडला की गप्प होते. या मुलाला फुगेवाल्याची सबंध काठी दिली तरी ते थांबत नाही, कारण थांबणे त्याच्या स्वाधीन उरलेलेच नसते. कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची गुणगुण, कॉलरची टोचणी, नेहमीचा रस्ता सोडून वळलेली रिक्षा, आणि काय होते आहे ते सांगता न येणे, हे सारे साचत जाते. बॉयलरचा काटा केव्हाच वर गेलेला असतो. आपल्याला फक्त स्फोट दिसतो.

एका टर्नरचा नऊ वर्षांचा मुलगा एस. टी. स्टँडवर असाच कोसळला. रोजची गाडी त्या दिवशी दुसऱ्या फलाटाला लागली, एवढेच निमित्त. गर्दी जमली. एकाने सल्ला दिला, "चार ठेवून द्या, सुतासारखा सरळ येईल." दुसऱ्याला पोर पळवून आणल्याचा संशय आला, बापाला फोनमधले फोटो दाखवावे लागले. मग तो गर्दीकडे पाठ करून, मुलाच्या डोक्यावर आपल्या सदऱ्याची सावली धरून फरशीवर बसून राहिला. बोलला नाही, समजूत घातली नाही. पाऊण तासाने मुलगा दमून तिथेच झोपला. बापाची दुसरी पाळी बुडाली.

न बोलणे हीच विद्या हे आईबाप अनुभवाने शिकतात. प्रश्न विचारायचे नाहीत, दिवा मालवायचा, लागेल अशी वस्तू बाजूला सारायची आणि वाट पाहायची. एखाद्याला घट्ट धरलेले हवे असते, एखाद्याला बोटाचा स्पर्शही आगीसारखा. ते घरच्यांनाच ठाऊक. बघ्यांनी पांगावे, फार तर पिशवी सांभाळावी.

दोष मात्र आईबापांच्या माथी फार जुना आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकीगत लिहिली आणि त्यात आईबापांच्या थंडपणाचाही उल्लेख केला. पुढे आईच्या कोरडेपणाने मूल असे होते, हा समज बळावला. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ, आणि स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून तो खोडला. तरी १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांनी तोच पुन्हा गाजवला! आज शास्त्र त्याला थारा देत नाही. चाळीचा जिना अजून देतो.

आता आमच्या धंद्याचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत स्वमग्नता आली. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या आईला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मूल दिव्यांग असल्यास वयाची अट नाही. पण कारखान्यातल्या बापाचे काय? १९४८ च्या कारखाना कायद्याने २० दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा दिली, ती पंधरा दिवस आधी अर्ज केल्यास. आजारपणाला सूट होती. पण फलाट बदलला म्हणून मूल कोसळले, हे आजारपण कोणत्या टाइमकीपरला पटवायचे?

म्हणून नव्या मागणीपत्रकात आम्ही कलम घातले: अशा पालकांना पूर्वसूचनेवाचून वर्षाला सहा पगारी दिवस आणि पाळी बदलून घेण्याचा हक्क. व्यवस्थापनाने विचारले, अशी माणसे तुमच्याकडे आहेत किती? आम्ही गेटसभेत विचारले. तीन हात वर झाले. सभा सुटल्यावर आणखी दोघे सायकल स्टँडमागे येऊन भेटले, आणि आमचे नाव यादीत लिहा, पण वाचून दाखवू नका, म्हणाले. बोलणी पुढल्या महिन्यात आहेत.