टायरचे पांघरूण



काल याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीतील उपमांवर व्याख्यान झाले. उद्या मधुमेहावर आहे. त्या दोहोंच्या मधली संध्याकाळ आमच्या वाट्याला आली आणि आम्ही विषय घेतला तो असा, की शर्यतीच्या लहानशा मोटारसायकलीच्या टायरला पांघरूण कोणते घ्यावे. आमच्या कार्यवाहांनी विषय ऐकला, आमच्याकडे जरा निरखून पाहिले आणि विचारले, ''काका, टायरला थंडी वाजते?'' वाजते. आम्हांला ही गोष्ट एका हाडाच्या मोबदल्यात कळली आहे, आणि ते हाड आमचे नव्हते, आमच्या भाच्याचे होते. म्हणून आज बोलावयास उभे राहिलो आहो.

हा विषय कुर्ल्यात मांडण्याला कारण आहे. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पूर्वीच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कारखाना उभा राहिला. फियाट आणि मागाहून तिचेच नाव पद्मिनी झाले, ती गाडी इथली. २००० सालाच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. पण हातांत आलेले कसब कारखान्याबरोबर बंद होत नाही. आमचे वडील तेथे फिटर होते. सी.एस.टी. रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तेथून वाटेल त्या गाडीचा वाटेल तो भाग मिळवून आणावा आणि घरी जुळवावा, हा आमच्या मोहल्ल्याचा धर्मच म्हणा ना. 'विकत कशाला, करू की!' हे वाक्य आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की त्यात काही खोट असू शकेल असे कधी मनातही आले नाही.

आता आधी टायरविषयी. रबर ही वस्तू मोठी लहरी. थंड असले की ताठर, ऊब मिळाली की मऊ आणि चिकट, फार तापले की पुन्हा घसरडे. आपल्या रोजच्या रस्त्यावरील टायर असा केलेला असतो की सकाळी दूध आणावयास निघालात तरी त्याने पकड द्यावी. शर्यतीचा मऊ टायर तसा नव्हे. त्याची खरी पकड ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडते. त्याआधी तो दिसावयास टायर, पण वागावयास जवळजवळ लाकडी चाक. मोठी, दोनशे अश्वशक्तीची गाडी वेग घेताना आणि ब्रेक लावताना टायरला इतके पिळते की एक-दोन फेऱ्यांत तो आपोआप तापतो. आमच्या भाच्याची गाडी म्हणजे यामाहाची दुसऱ्या आवृत्तीची आर-१५, १४९ सीसी, शक्ती १७ अश्वशक्ती. एवढीशी गाडी टायरला तापवणार किती आणि केव्हा? शर्यत सहा-आठ फेऱ्यांची. टायर जागा होईतो शर्यत अर्धी सरलेली असते. म्हणून टायरला सुरुवातीपूर्वी विजेचे पांघरूण गुंडाळावयाचे. आत तापणारी तार, बाहेर जाड कापड, कडेला चाकावर लोंबणाऱ्या झालरी, आणि उष्णता राखणारा थर्मोस्टॅट. २०२३च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला मोटोजीपीची शर्यत झाली, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना सुरुवातीच्या रेषेवर गुंडाळून ठेवलेली चाके आठवतील.

ह्या पांघरुणाची खरोखरच आवश्यकता आहे की तो श्रीमंती थाट आहे, हा वाद थोरामोठ्यांतही झाला. २०२३ साली वर्ल्ड एंड्युरन्स चॅम्पियनशिप या लांब पल्ल्याच्या मोटारशर्यतींत वीज वाचवावी म्हणून टायर तापवण्यास बंदी घातली. एप्रिलअखेर बेल्जियममधील स्पा येथे थंड टायरांवर निघालेल्या गाड्या अशा घसरल्या की जूनमधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीपुरती बंदी मागे घ्यावी लागली. तेथे चार चाके होती आणि चालक जगातले निवडक होते. आमच्या भाच्याला चाके दोन, आणि तो सोमवार ते शुक्रवार विद्याविहारला नोकरी करतो.

भाच्याने कुठून तरी शर्यतीच्या मऊ टायरांची एक वापरलेली जोडी आणली आणि म्हणाला, ''मामा, आता वॉर्मर पाहिजे.'' किंमत ऐकली आणि आम्ही ते वाक्य उच्चारले, जे वर सांगितले आहे. आम्ही निक्रोमची तार आणली, बॉयलरवर गुंडाळतात ते काचतंतूंचे कापड आणले, एका मोडक्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट काढला आणि चार रात्री बसून वहिनींच्या शिलाई यंत्राच्या दोन सुया मोडून दोन पांघरुणे शिवली. शेजारीपाजारी पाहून गेले. हात लावला की चटका बसे. आम्हांला काय अभिमान वाटला म्हणून सांगावे!

जानेवारीतील सकाळ, घाटापलीकडचा एक लहानसा ट्रॅक. धुके नुकते उठलेले, डांबर बर्फासारखे. तासभर पांघरुणे लावली. टायरच्या मध्यावर हात ठेवला, छान गरम. भाचा निघाला. पहिली दोन वळणे उजवी होती, ती नीट गेली. तिसरे डावे. तो वाकला आणि पुढचे चाक खालून कुणी दोरी ओढावी तसे निसटले. हासळीचे हाड दोन ठिकाणी मोडले. बहिणीला फोन आम्हीच केला. ''दादा, तू होतास ना तिथे?'' एवढेच ती म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी, भाचा इस्पितळात झोपल्यावर, आम्ही ते पांघरूण उसवले. तारेचे तिन्ही फेरे आम्ही मधोमध शिवले होते, कारण कडेला शिवणे यंत्राला जमत नव्हते. मोटारसायकल वळते ती टायरच्या मध्यावर नव्हे, खांद्यावर. जो भाग त्या वळणावर जमिनीला लागणार होता तोच आम्ही थंड ठेवला होता. थर्मोस्टॅटही एकाच जागी टेकलेला; तेथे ऊब झाली की तो सगळ्या चाकाची वीज बंद करी. शिवाय इस्त्रीचा थर्मोस्टॅट तो, त्याला कापडाची सुरकुती कळते, रबराचे मन कळत नाही. मागच्या टायरवर एक पट्टी जळून निळसर चकचकीत झाली होती. आणि आम्ही तपासले कशाने? तळहाताने! तेव्हापासून आमच्या हत्यारपेटीत सुईचा तापमापक आहे. ती सुई रबरात दोन-तीन मिलिमीटर टोचावयाची, डाव्या खांद्यावर, मध्ये आणि उजव्या खांद्यावर. बंदुकीसारखे लांबून धरावयाचे यंत्र मिळते, ते केवळ वरची कातडी सांगते. पांघरूण काढताक्षणी वरची कातडी गरम असतेच. आतले रबर आणि चाकाची धातूची कड तापावयास पाऊण तास ते तास लागतो. वीस मिनिटांत टायर तयार होतो असे जो विक्रेता सांगेल त्याच्या दुकानात चहा प्यावा आणि उठावे.

मग विकत घेण्याची पाळी आली, आणि येथेच लहान गाडीवाल्याची खरी पंचाईत असते, कारण बाजार मोठ्या गाड्यांसाठी भरलेला. मिळणारी बहुतेक जोडी पुढे १२० आणि मागे १८० ते २०० मिलिमीटर रुंदीच्या टायरसाठी असते. आर-१५चे पहिल्या आवृत्तीचे मागचे टायर १००चे होते, दुसरीचे १३०चे, तिसरीचे १४०चे. पुढची अनुक्रमे ८०, ९० आणि १००. केटीएमची आरसी ३९० जरा भरदार, ११० आणि १५०. तेव्हा 'आर-१५साठी द्या' असे सांगून भागत नाही. टायरच्या कडेवर छापलेले आकडे लिहून न्यावेत.

आम्ही टेप घेऊन बसलो. २००/५५-१७ या टायरचा परीघ सुमारे २ मीटर ५ सेंटिमीटर भरतो, भाच्याच्या १३०/७०-१७चा १ मीटर ९३. म्हणजे मोठे पांघरूण लहान चाकावर लांबीला १२ सेंटिमीटर जास्त. त्या टोकावर तापणारी तार येत असेल तर एकावर एक दोन थर होतात आणि तेवढाच टायर करपतो. नुसते कापड असेल तर चालून जाते. पण रुंदीला ते अंगावर मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखे होते. खांद्यांपाशी पोकळी राहते, त्या पोकळीतून वारा जातो, आणि पुन्हा खांदेच थंड! आमच्या जुन्याच चुकीची ही महाग आवृत्ती. बारा इंची चाकांच्या मिनी गाड्यांना तर सतरा इंची पांघरूण लावूच नये. १००/९०-१२चा परीघ दीड मीटरच्या आसपास असतो, उरलेल्या कापडाची घडी घालावी लागेल. म्हणून दुकानात गेल्यावर पहिली मागणी ही, की आमच्या चाकावर लावून दाखवा. कडा टायरला बिलगतात का, झालर चाकाची कड झाकते का, हे डोळ्यांनी पाहावे. आणि तार खांद्यापर्यंत गेली आहे का, हे बोटांनी चाचपावे.

दुसरी गोष्ट विजेची. आमच्या एका स्नेह्यांनी अमेरिकेहून परतणाऱ्या मेहुण्याकडून जोडी मागवली. स्वस्त पडली म्हणून आनंदात होते. ती ११५ व्होल्टची. आपल्याकडे २३० व्होल्ट. व्होल्ट दुप्पट झाले की त्याच तारेत उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. पाच मिनिटांत तंबूत असा वास सुटला की शेजारचे लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावले. (विजेच्या वस्तूवर पाणी टाकू नये हेही त्यांना सांगावे लागले.)

पुढच्या-मागच्या मिळून ७०० ते १००० वॉट लागतात असे धरून चालावे; ९०० वॉटला २३० व्होल्टवर जेमतेम ४ अँपिअर. घरात ही क्षुल्लक गोष्ट, ट्रॅकवर नव्हे. तेथे वीज मिळेलच असे नाही, म्हणून जनरेटर न्यावा लागतो, आणि एक केव्हीएचा लिहिलेला जनरेटर तासभर पूर्ण भार ओढत बसत नाही. दोन केव्हीएचा असावा. जमल्यास दोघा-तिघांनी वर्गणी काढून आणावा, त्यावर मग चहाची किटलीही चालते. वायर जाड घ्यावी आणि तिची गुंडाळी पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली वायर स्वतःच तापते.

थर्मोस्टॅट ठरावीक ८० अंशांचा असतो किंवा बदलता येणारा. बदलता येणारा महाग. एकाच जातीचे टायर वापरणाऱ्या मुलाला ठरावीक पुरे आहे, असे आमचे मत. वाचलेल्या पैशांत सुईचा तापमापक आणि चांगला हवामापक येतो, आणि हवामापक तर हवाच. थंड टायरमध्ये ३० अंशांना २५ पौंड हवा भरली, तर ८० अंशांना ती साडेएकतीसच्या पुढे जाते. मुले घरून हवा भरून येतात, पांघरूण लावतात, आणि फुगलेल्या टायरवर निघून 'वॉर्मरने काही फरक पडत नाही' असे सांगतात. हवा पांघरुणातून काढल्यावर, गरम असतानाच जुळवावी.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर आम्ही दुकानदारांचे दलाल ठरू. पुष्कळांना हे पांघरूण नकोच आहे. रस्त्यावरच्या टायरांवर महिन्यातून एकदा हौसेने ट्रॅकवर जाणारा मुलगा, त्यातून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर उन्हाळ्यातील दुपारी. तेथील डांबरावर अनवाणी पाय ठेवून पाहा! त्याने पहिल्या दोन फेऱ्या सबुरीने, सरळ रस्त्यावर जोराने वेग घेत आणि जोराने ब्रेक लावत काढाव्यात. नागमोडी जाऊन टायर विशेष तापत नाही, ती केवळ शोभा. ते पैसे त्याने चामडी पोशाखावर खर्चावेत. ज्याने मऊ टायर घेतले आहेत आणि ज्याला पहिल्या वळणापासून झोंबावयाचे आहे, त्याला मात्र टायर घेतानाच पांघरुणाचा खर्च धरणे भाग आहे. एक घेऊन दुसरे न घेणे हे आम्ही केले तसे होते. एक लाभही आहे. प्रत्येक वेळी तापून पुरता थंड झालेला टायर थोडा कडक होतो. दिवसभर पांघरुणात ठेवला तर हे चक्र एकदाच घडते आणि जोडी अधिक टिकते. पैसे वसूल होतात असे मात्र आम्ही म्हणणार नाही, कारण तेवढ्या पैशांत कित्येक टायरजोड्या येतात.

भाच्याचे हाड जुळून आले. बहीण अजून ट्रॅकवर येत नाही. तिने एकच अट घातली, की गाडीवर दादाने शिवलेले काही लावायचे नाही. आम्ही मुकाट्याने लहान टायरांची, २३० व्होल्टची, ठरावीक उष्णतेची जोडी विकत घेतली. पैसे आम्हीच दिले. शिवलेली दोन्ही पांघरुणे आमच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहेत, आणि शेजारपाजारची मुले 'काका, करू की' म्हणत आली की आम्ही ती उसवलेली शिवण त्यांच्या हातांत देतो.

डिसेंबरात पुन्हा तोच ट्रॅक, तेच धुके. तासाभराने आम्ही पांघरूण खांद्यापाशी उचलून पुढच्या टायरमध्ये सुई टोचली. डावीकडे ७६, मध्ये ७९, उजवीकडे ७७. भाच्याने आकडे ऐकले, काही न बोलता शिरस्त्राण चढवले आणि बोटाने खूण केली. आम्ही वायर काढली.