अर्ज ताईचा, परीक्षा आम्हा तिघांची

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, गॅजेट नाही. आज थेट घरातली गोष्ट.

आम्ही पनवेलला राहतो. आई, ताई आणि मी. मी रोज पनवेल-ठाणे लोकलने ऐरोलीला जातो, लॅपटॉपवर डोकं फोडतो, परत येतो. ताई 38 वर्षांची. लग्न केलं नाही, करायचंही नाही. मागच्या वर्षी एका रविवारी पोहे खाता खाता ती म्हणाली, "मी फॉस्टर केअरसाठी अर्ज करतेय."

आईचा चमचा तिथेच थांबला. "म्हणजे दत्तक?"

नाही. आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो, माझाही झाला होता. दत्तक म्हणजे मूल कायद्याने कायमचं तुमचं. फॉस्टर केअर, ज्याला सरकारी मराठीत प्रतिपालकत्व म्हणतात, त्यात मूल तुमच्या घरी वाढतं, पण तुमच्या नावावर होत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 44 मध्ये हे आहे. मूल कोणाकडे द्यायचं ते बाल कल्याण समिती ठरवते. मुलाच्या हिताचं असेल तर त्याचे आईवडील त्याला भेटू शकतात. त्यांची परिस्थिती सावरली, तर मूल परत जातं.

अजून एक घोळ. आपल्या राज्याची बाल संगोपन योजना तुम्ही ऐकली असेल. त्यात महिन्याला 2250 रुपये मिळतात, पण तिथे मूल बहुतेक वेळा स्वतःच्या एकट्या आईकडे किंवा नातेवाइकांकडेच असतं. ताईचं प्रकरण वेगळं. तिच्याकडे येणारं मूल पूर्ण अनोळखी.

ताईला हे शक्य झालं ते 2024 च्या केंद्राच्या नव्या नियमावलीमुळे. आता 35 ते 60 वयाची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या बाईकडे मुलगा किंवा मुलगी कोणीही येऊ शकतं, एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा. जोडपं असेल तर दोघांचं वय मिळून किमान 70 हवं. म्हणजे मी उद्या बोहल्यावर चढलो तरी बाद! मुलं सहा वर्षांच्या पुढची असतात. म्हणजे त्यांना सगळं कळत असतं, सगळं आठवत असतं.

अर्ज ऑनलाइन, कारा पोर्टलवर. कागदपत्रं अपलोड करायची, ती जिल्हा बाल संरक्षण कक्ष तपासतो. मला वाटलं, झालं काम, दोन तासांचा फॉर्म. अरे कसलं काय! मेडिकल ताईची एकटीची नाही, घरात राहणाऱ्या सगळ्यांची. एचआयव्ही, टीबी, कावीळ बी. आई लॅबमध्ये पुटपुटत होती, "या वयात माझी कसली परीक्षा घेता?"

मग समाजसेविका मॅडम घरी आल्या. मी आदल्या दिवशी पंखे पुसले होते. त्यांनी पंख्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मूल कुठे झोपणार? अभ्यास कुठे करणार? ताई ऑफिसला गेल्यावर घरी कोण? महिन्याचा खर्च कसा भागतो? शेजारी कसे आहेत?

मग माझ्याकडे वळल्या. "मुलगी आली तर तुम्ही घरात एकटे पुरुष. मग तुमचं राहणं, झोपणं कसं असेल?" मला राग आला, खरं सांगतो. माझ्यावर संशय? चेहऱ्यावर दिसलं असणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी विचारलं नाही, तर त्या मुलीच्या बाजूने कोण विचारणार?" राग तिथेच उतरला. सिक्युरिटी टेस्टिंग करताना आम्ही प्रत्येक युजरवर शंका घेतोच ना? इथे तर जिवंत लेकरू आहे. मी म्हटलं, मी हॉलमध्ये झोपेन, खोली तिची.

शेवटी त्यांनी आईला विचारलं, "मावशी, मूल परत गेलं तर?"

आई गप्प. कारण अर्जासोबत लिहून द्यावं लागतं, की समिती सांगेल तेव्हा मूल परत करू. हाच मुद्दा आईला महिनाभर टोचत होता. लळा लावायचा आणि परत द्यायचं, हा कुठला न्याय? नियमावलीत दोन वर्षांनंतर दत्तकाची वाट आहे, पण मूल कायद्याने दत्तक देण्यासारखं असेल तरच. त्या आशेवर अर्ज करू नका, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

आई थोड्या वेळाने म्हणाली, "माहेरपणाला आलेली लेक परत जातेच की. म्हणून काय तिला जेवायला वाढत नाही?"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते कळलं नाही.

सध्या आम्ही समितीच्या निर्णयाची वाट बघतोय. होकार आला तरी संपत नाही, कायद्यानुसार दर महिन्याला घराची पाहणी होणार. खोलीत अजून माझाच जुना पीसी आहे, हलवायचाय.

तुमच्या घरात कोणाच्या मनात असेल, तर फॉर्म भरायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवा. आजीलासुद्धा. कारण मूल एका माणसाकडे येत नाही, घरात येतं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!